पाणी कमी, ऊन भरपूर : उन्हाळी कामांचा धागा (कुरडया, परसबाग आणि वाकळ)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या साखरेच्या गाठी अजून देवघरात आहेत आणि गच्चीवरचे ऊन मात्र आत्ताच डोळ्यांना सोसेनासे झाले आहे. आमच्या घरी याच दिवसांत उन्हाळी कामे ठरत असत. आधी कुरडया, मग शेवया, मग सांडगे आणि खारोड्या, मध्ये कधीतरी काळ्या तिखटाचे धने, खोबरे आणि दगडफूल ऊन दाखवून घेणे, आणि उन्हामुळे बाहेर पडता येत नसे त्या दुपारी जुनी लुगडी काढून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला बसणे.

हा क्रम आमच्या घरात २०१६ साली मोडला. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन आली, ती बातमी सासूबाईंनी दोनदा वाचायला लावली. त्याच आठवड्यात आमचा कुरड्यांचा गहू भिजायचा होता. त्यांनी निवडलेला गहू परत डब्यात भरला आणि म्हणाल्या, "प्यायच्या पाण्यात चीक धुवायचा नाही." (चीक म्हणजे भिजलेला गहू वाटून गाळल्यावर निघणारा पांढरा गाळ.) पुढच्या वर्षी पाणी आले, पण हात थांबला तो थांबलाच. आता त्या नाहीत, आणि माझ्या लक्षात आले आहे की त्यांची सगळी मापे त्यांच्या ओंजळीत होती. एकही कागदावर नाही.

यंदा मी दोन किलो गव्हाच्या कुरडया करायचे ठरवले आहे. गच्चीवर बारा कुंड्या आहेत आणि पेटीत चार सुती लुगडी आहेत. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते. या तिन्ही कामांना मिळून किती पाणी लागते, ते कुठे वाचते आणि एका कामाचे पाणी दुसऱ्याला कसे देता येते, हे कृपया मापासकट लिहावे. "अंदाजाने घ्या" हे उत्तर मला माहीत आहे; तो अंदाजच मला शिकायचा आहे.

तेरणाकाठ (धाराशिव जिल्हा)

ताई, मी सत्तरीकडे झुकलेली बाई आहे, नातवाकडून हे टंकून घेते आहे. आधी गव्हाचे सांगते. कुरड्यांना लोकवन जातीचा चांगला. बन्सी शेवयांसाठी राखून ठेवा. गहू निवडून, एकदाच धुवून, बुडून वर चार बोटे पाणी राहील असा भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचे. सगळीकडे तीन दिवस सांगतात, पण तो हिशेब पाडव्याच्या आसपासचा. चैत्र सरत आला आणि ऊन चाळिशीच्या वर गेले की आपल्याकडे दोन दिवसांतच गहू उतरतो. दिवस मोजू नका, दाणा चिमटीत धरून दाबा. साल वेगळी होऊन पांढरे दूध सुटले की गहू झाला. दूध न येता दाणा नुसताच चपटला तर अजून एक रात्र थांबा. आणि जास्त ठेवलात तर चीक आंबट होतो, कुरडई तळल्यावर तांबूस होते.

वाटून झाल्यावर चाळणीतून आणि मग पातळ फडक्यातून चीक गाळायचा. इथेच सगळ्यात जास्त पाणी जाते. आम्ही चोथा तीन वेळा धूत असू, पण तिसरे पाणी पहिल्या पाण्याइतके कधीच घेतले नाही. पहिल्या धुण्याला मोकळे पाणी, दुसऱ्याला निम्मे, तिसऱ्याला चोथा भिजेल इतकेच. रात्रभर चीक न हलवता ठेवला की सकाळी वर पिवळसर निवळ येते. ती भांडे न हिंदकळवता ओतून काढायची. खाली जो पांढरा, चाकूने कापता येईल असा थर बसतो तोच खरा चीक.

आता शिजवणे. चीक ज्या वाटीने मोजाल त्याच वाटीने तितकेच पाणी. पाण्यात मीठ आणि हिंग घालून खळखळ उकळू द्यायचे, आणि मग एका बाईने चिकाची धार सोडायची व दुसरीने चाटूने एकाच दिशेने घोटायचे. हे काम एकटीने करू नका, गाठी होतात. मीठ चवीपेक्षा कमी घाला, कारण वाळल्यावर कुरडई लहान होते आणि मीठ तेवढेच राहते. आधी सगळे दुधासारखे पांढरे असते, मग कडेने काचेसारखे व्हायला लागते, मग मधोमध जाड बुडबुडा येऊन फुटतो आणि त्याचा आवाज "भप्" असा येतो. तो आवाज आल्यावरही पाच मिनिटे मंद आचेवर झाकून वाफ द्या. ओल्या बोटाला चीक चिकटला नाही तर झाला. त्यातला वाटीभर आधी मुलांना तूप-गुळाबरोबर द्या. आमच्याकडे चीक खायला शेजारची पोरे आधीच उंबऱ्यावर येऊन बसलेली असत.

दुधनाकाठ (परभणी)

तेरणाकाठ काकूंनी इतके नेमके लिहिले आहे की कुरड्यांबद्दल मला काही जोडायचे नाही. मी शेतीशाळेत शिकवत असे, म्हणून परसबागेबद्दल लिहितो. पण आधी कुरड्यांच्याच पाण्याचे. गहू भिजवलेले पाणी आणि चिकाची निवळ झाडांना चालते. ती आंबलेली असते, म्हणून तिच्यात तेवढेच साधे पाणी मिसळून मातीत द्यावे, पानांवर नाही. मात्र मीठ घातलेले कोणतेही पाणी कुंडीत जाऊ देऊ नये. आपल्या काळ्या मातीत मीठ साठत गेले की पुढच्या पावसापर्यंत ते निघत नाही.

काळी माती कुंडीत एकटी घालण्याची चूक बहुतेक लोक करतात. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तुम्ही वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. पाणी दिल्यावर लगेच तळातून वाहू लागले तर झाडाला पाणी पुरले असे समजू नका. दोन भाग काळी माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण घ्या, आणि वरून दोन-तीन बोटे जाडीचे आच्छादन करा. आच्छादनाला उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, कडुनिंबाची वाळलेली पाने, जे मिळेल ते चालेल.

उन्हाळ्यात आपल्याकडे काय लावावे, याचे उत्तरही पाण्यातच आहे. गवार, भेंडी, चवळी ऊन सोसतात. तांदुळजा आणि घोळ तर जवळजवळ आपण होऊन येतात. कोथिंबीर आणि मेथी एप्रिल-मे मध्ये गच्चीवर लावण्याचा हट्ट धरू नये. फारच हौस असेल तर हिरव्या जाळीखाली लावावी. शेवगा एकदा लागला की तो आपला पाण्याचा बंदोबस्त आपणच करतो, पण त्याची जागा जमिनीत आहे, कुंडीत नव्हे.

मांजराकाठ

दादा, एक विचारते. घरात गेल्या दोन उन्हाळ्यांचे दोन माठ पडून आहेत, पाणी गार होत नाही म्हणून बाजूला ठेवलेले. ते मोठ्या कुंड्यांमध्ये गळ्यापर्यंत पुरून त्यांतून झाडांना पाणी द्यावे असा विचार आहे. चालेल का?

दुधनाकाठ

कल्पना योग्य आहे, माठ मात्र योग्य नाहीत. माठ गार करतो तो त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून हवेत उडते म्हणून. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार त्या छिद्रांत बसले की पाझर बंद होतो आणि पाणी गार होईनासे होते. जो माठ बाहेर पाझरत नाही तो मातीतही पाझरणार नाही. तुम्ही कुंभाराकडून दोन-तीन लिटरची नवी, रंग न दिलेली गाडगी घ्या. गळा मातीच्या वर दोन बोटे ठेवा आणि तोंडावर पणती पालथी घाला, म्हणजे डास होणार नाहीत आणि पाणी उडणार नाही. माती कोरडी असेल तेव्हा गाडगे लवकर रिकामे होते आणि ओली असेल तेव्हा उशिरा, त्यामुळे रोज मोजून पाणी देण्याची गरजच राहत नाही. माझ्याकडे दोडक्याच्या वेलाजवळचे तीन लिटरचे गाडगे मे महिन्यात तिसऱ्या दिवशी भरावे लागते.

कयाधू (हिंगोली)

परसबागेचा विषय निघाला आहे तर मृग लागताना एक वाफा अंबाडीसाठी राखावा असे मला सुचवायचे आहे. अंबाडी एकच झाड असून स्वयंपाकघर आणि हस्तकाम या दोन्हींना पुरते. कोवळ्या पानांची ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची सढळ फोडणी दिलेली भाजी सगळ्यांना माहीत आहे. बोंडे लाल येणारी जात असेल तर त्यांची चटणीही होते. पण दिवाळीनंतर उरलेली उंच ताटे आम्ही फेकत नसू. त्यांची पेंढी बांधून ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची, दोन-तीन आठवड्यांनी साल सैल झाली की ती सोलून, धुवून, वाळवायची. त्याच वाखाची दोरी मांडीवर वळून आजोबा दावी करत आणि आजी शिंकी, म्हणजे टांगायच्या जाळ्या, विणत असे.

शिंक्याची वीण अवघड नाही. आठ पदर घ्या, एका कडीला बांधा, हातभर खाली दोन-दोन पदरांची गाठ मारा, मग शेजारच्या जोडीतला एक-एक पदर घेऊन पुढची गाठ. असे तीन वेळा केले की जाळी तयार होते आणि तळाशी सगळे पदर एकत्र बांधले की झाले. वाख मिळत नसेल तर सुतळीने करून पाहा. माझ्या स्वयंपाकघरात अशा शिंक्यात कांदे-लसूण आहेत. हवा खेळती राहिल्यामुळे ते लवकर कोंब धरत नाहीत. फक्त ताटे भिजवायला पाणी लागते आणि त्याला वासही येतो, म्हणून हे काम शहरातल्या गच्चीवर करू नये.

योगेश्वरीचे गाव (अंबाजोगाई)

वाकळीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. गेली पंधरा वर्षे मी उन्हाळ्यात वाकळी शिवते, स्वतःच्या आणि सांगून आलेल्यांच्याही.

मांजराकाठ ताई, तुमच्याकडे चार सुती लुगडी आहेत हे फार मोठे धन आहे. ती कोणाला भांडी घेऊन देऊ नका. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक जवळपास दोन मीटरचा होतो. पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आत असतो, म्हणून दोन तुकडे काठाला काठ जोडले की दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी एक बाजू तयार होते. उरलेल्या दोन तुकड्यांची दुसरी बाजू. म्हणजे एका लुगड्यात दोघांच्या वाकळीचे वरचे-खालचे पदर भागतात आणि बाकीची लुगडी पोटात जातात. सर्वांत धड लुगडे बाहेर, विरलेले आत, हा नियम. नायलॉनचे किंवा सिंथेटिक कापड आत घालू नका. ते टाक्यात सरकते, घाम टिपत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही.

शिवायला सुरुवात कडेने करतात, पण त्याआधीचे एक काम नव्या मुली विसरतात आणि मग वाकळीला मध्ये फुगा येतो. थर जमिनीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून, आधी मधोमधपासून कडेकडे वीतभर लांबीचे कच्चे टाके घालून घ्यावेत. थर एकदा असे धरून ठेवले की मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन असे आत आत येत जायचे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि दोन ओळींत बोटाचे अंतर. दोरा मेणावरून ओढून घेतला तर गुंतत नाही, आणि मधल्या बोटात अंगुस्तान घालाच. इतक्या थरांतून सुई ढकलताना पहिल्याच दिवशी बोटाला भोक पडते. सवयीने घट्टा पडेल म्हणून वाट पाहू नका.

आता पाणी. वाकळ धुवायची म्हणजे पूर्वी नदीवर नेत, कारण भिजलेली वाकळ दोन माणसांना पिळवत नाही. घरात ती धुवायला चार-पाच बादल्या लागतात. म्हणून मी हल्ली प्रत्येक वाकळीबरोबर जुन्या धोतराची किंवा साडीची खोळ शिवून देते, तिला एका बाजूने नाड्या असतात. खोळ दर पंधरवड्याला एका बादलीत धुतली जाते आणि वाकळीला वर्षातून दोन-तीनदा कडक ऊन दाखवले की पुरते.

तेरणाकाठ

योगेश्वरीच्या गावच्या ताईंनी नदी काढली म्हणून आठवले ते सांगते. आमचे जुने गाव तेरणेच्या काठी होते आणि घरे दगडमातीची, वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. उन्हाळी कामे सगळी माळवदावर होत. माळवदाची माती दुपारभर तापलेली राही, त्यामुळे कुरडई वरून उन्हाने आणि खालून उष्णतेने वाळे. एका घराच्या माळवदावरून दुसऱ्यावर पाऊल टाकून जाता येई. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असे दहा बायकांचे काम पंधरा दिवसांत उरकत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच जाड भिंती व माळवदे माणसांच्या अंगावर आली. नव्या गावठाणात घरे मजबूत मिळाली, रस्ते रुंद मिळाले, आणि ते हवेच होते. माळवदाखाली निजण्याची हिंमत आम्हाला नंतर झालीही नसती. पण घर घरापासून लांब गेले. दुसऱ्या बाईला चाटू धरायला बोलवायचे तर रस्ता ओलांडून निरोप द्यावा लागे. पहिली काही वर्षे आम्ही कुरडया केल्याच नाहीत, मग पुन्हा सुरू केल्या त्या मुद्दाम ठरवून, गुरुवारचा बाजार सोडून.

म्हणून म्हणते ताई, तुम्ही दोन किलो एकटीने करू नका. इमारतीतल्या दोघींना सोबत घ्या. एका चिकाला जेवढी भांडी धुवावी लागतात तेवढीच तिघींच्या चिकाला लागतात, पाणी तिथेही वाचते.

गोदाकाठ (नांदेड)

कुरड्यांइतके पाणी नसेलच तर खारोड्या करा. बाजरी धुवून, निथळून रात्रभर फडक्यात बांधायची, सकाळी जाडसर भरडून पाखडायची. एक वाटी भरडीला आमच्याकडे तीन वाट्या आधणाचे पाणी घेतात, त्यात लसूण, जिरे, तिखट, मीठ आणि भरपूर तीळ. घट्ट शिजले की चमच्याने खारोड्या घालायच्या. गाळणे नाही, धुणे नाही. कच्च्या शेंगदाण्याबरोबर संध्याकाळी खायला उत्तम.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तेरणाकाठ काकूंचे ऐकून समोरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सोबत घेतले आणि दोनऐवजी सहा किलो गहू भिजवला. पंधरा लिटरची बादली माप म्हणून ठेवली होती. भिजवण्याला आणि पाणी बदलण्याला दोन बादल्या, वाटणे-गाळणे-धुणे यांना दीड बादली, भांड्यांना एक. म्हणजे साडेचार बादल्या, किलोमागे सव्वाअकरा लिटर. पैकी भिजवणीचे पाणी आणि निवळ मिळून जवळजवळ अडीच बादल्या पाणी, दुधनाकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे तेवढेच साधे पाणी मिसळून, तिघींच्या कुंड्यांना गेले. गहू दुसऱ्याच रात्री उतरला. चिमटीत दाबल्यावर दूध आले तेव्हा खालच्या वहिनींनी तो दाणा मुलीला नेऊन दाखवला. चोथ्यात ज्वारीचे पीठ, तिखट, तीळ आणि थोडा चीक घालून भुसवड्या केल्या, त्यामुळे टाकायचे काही उरले नाही.

चूक एक झाली ती नोंदवते. पहिल्या दिवशी कुरडया प्लास्टिकऐवजी धोतरावर घातल्या, सासूबाई घालत तशा. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक ढग भरून आले, वारा सुटला आणि टपोरे थेंब पडू लागले. धोतर चारी कोपऱ्यांनी उचलून जिन्यात आणले, पण अर्धवट वाळलेल्या कुरडया एकमेकींवर पडून चिकटल्या आणि पंचवीस-तीस मोडल्या. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा लोकांची शेते गेली, त्यापुढे हे काहीच नाही. तरी तिघींना वाईट वाटले. मोडलेल्या वेगळ्या वाळवल्या आहेत, त्यांची कांदा-लसणाची भाजी करणार. कापडाला चिकटलेल्या कुरडया कशा सोडवायच्या, हे कोणी सांगेल का?

तेरणाकाठ

धोतर उलटे करून मागून पाण्याचा हलका हात फिरवा, नाहीतर नुसते ओले फडके दाबा. घटकाभर थांबून कापड ताणले की कुरडई आपोआप सुटते. मग ती पुन्हा एक दिवस ऊन दाखवून, अगदी खडखडीत आवाज येईपर्यंत वाळवा आणि मगच डब्यात भरा. कोमट असताना डबा लावू नका.

मांजराकाठ

सुटल्या काकू, एकही तुटली नाही. आज रात्री चार तळून पाहिल्या. कढईत टाकल्याबरोबर तिप्पट फुलल्या आणि पांढऱ्याशुभ्र आल्या. धोतर धुवून वाळत घातले आहे. योगेश्वरीच्या गावच्या ताईंच्या मापाप्रमाणे उद्या लुगड्याचे चार तुकडे करते आणि याच धोतराची खोळ शिवते. नाड्या तीन पुरतील की चार लावू, तेवढे सांगावे.

योगेश्वरीचे गाव

चार लावा. तीन लावल्या तर एका कोपऱ्यातून वाकळ बाहेर डोकावते.